त्यांनी ‘भागवा’ म्हटलं नव्हतं

अप्पा,

मागच्या महिन्यात ह्याच वहीत तुम्हाला लिहिताना मी एक गोष्ट चुकीची लिहिली. मशीनवरच्या मामांनी माझं बोलणं नीट ऐकलं नाही, म्हणून डाळीचा माल परत आला, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी जे बोलले तेच मामांनी ऐकलं आणि तसंच केलं. ऐकण्यात चूक माझी झाली होती, एका चिनी शब्दाच्या बाबतीत. आणि तुम्हाला लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही ते वाचून कुणाला सांगायला जाणार नव्हतात. तरी मी तुमच्याशीसुद्धा खोटं लिहिलं.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला माझ्या नोकरीतलं काहीच माहीत नाही. गुलबर्ग्यात एका डाळमिलच्या ऑफिसात मी काम करते. तूर येते, साफ होते, तेल-पाणी लावून गच्चीवर वाळते, मग तिची साल निघून डाळ होते. शेवटी ती एका चिनी मशीनमधून जाते. हे मशीन डाळ निवडतं. आई परातीत निवडायची तसंच, फक्त बोटांच्या जागी हवा. डाळ वरून धारेसारखी सांडत येते, कॅमेरे एकेक दाणा बघतात, काळा दाणा किंवा खडा दिसला की बारीक नळीतून हवेचा फटका बसतो आणि तो बाजूला उडतो. मशीन अडलं की त्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावायचा, तो काय म्हणतो ते मराठीत किंवा कन्नडात सांगायचं, हे माझं काम. पदवीनंतर हैदराबादला राहून दोन वर्षं चिनी शिकले, ते इथे उपयोगी पडलं. भाषा वेगळी, पण काम तुमचंच आहे. भालकीच्या तहसील कचेरीबाहेर लोक तुम्हाला मराठीत सांगायचे आणि तुम्ही कन्नडात अर्ज लिहायचात. मी चिनी ऐकते आणि मराठी बोलते.

शाळेत घातल्यावर माझं तोंडच उघडेना, म्हणून तुम्ही मला दोन वर्षं घरी ठेवलंत, ते मला अजून स्वच्छ दिसतं. आई स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसलेली. तिच्यासमोर मी, पाटी घेऊन. तुम्ही कचेरीला जायच्या आधी दारात उभे राहून एक वाक्य बोलता आणि मला ते लिहायला सांगता. एकदाच बोलता. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहते. आई म्हणते, “अवो, पुन्ना एकदा सांगा की, लेकरू घाबरायलंय.” तुम्ही म्हणता, “घाबरू दे. तिनं इचारावं. इचारलं तर धा डाव सांगतो.” मी विचारत नाही. अंदाजानं लिहिते. आणि संध्याकाळी तुम्ही पाटी बघून नेमकं तेवढंच विचारता, “ह्यो शब्द ऐकलीस का बसवलीस?”

त्याच प्रश्नावरून पुढे खटकचिंचोळीचा प्रकार झाला. मी अकरा वर्षांची असेन. सुट्टी होती, मी तुमच्या टेबलाशी होते आणि तुम्ही चहाला गेला होतात. खटकचिंचोळीची एक म्हातारी आली. शेतात जायच्या वाटेवर भाऊ उभा राहतो, अशी तिची तक्रार. मला मोठेपणा करायचा होता. मी तिचं ऐकून कन्नडात अर्ज लिहिला, खाली तिचा अंगठा घेतला आणि तिला बसला लावून दिलं. तुम्ही आल्यावर अर्ज वाचलात. “हात उगारून अंगावर येतो, असं म्हणली का गं ती?” मी म्हटलं, हो. तुम्ही विचारलंत, “वाचून दाखवलीस?” मी मान हलवली, नाही. तुम्ही टेबल आवरलंत, दुपारची गिऱ्हाइकं सोडलीत आणि मला घेऊन पुढच्या बसनं खटकचिंचोळीला गेलात. तिच्या अंगणात उभं राहून मी तो अर्ज मराठीत वाचून दाखवला. म्हातारीनं कपाळावर हात मारला. “अगं माय! अंगावर कामून येईल त्यो? माजा पाठचा भाऊ हाय. आडवा येतोय म्हणले मी, आडवा! पोलीस आणतीस का काय माज्या दारात?” आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. परतीच्या बसमध्ये भालकी जवळ आल्यावर म्हणालात, “ऐकण्यात चुकलीस, ते माफ. मी बी चुकतो. वाचून दाखवली न्हाईस, ते माफ न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पेन्सिल दिलीत. एका टोकाला निळी, एका टोकाला तांबडी. ऐकलेलं निळ्यानं लिहायचं आणि आपल्याला जे वाटलं ते तांबड्यानं. दोन्ही एका रंगात आले की अर्ज खोटा, हे तुमचं सांगणं. ती पेन्सिल कधीच संपली. मी नवी घेते, ती संपली की आणखी नवी. मिलमधल्या माझ्या वहीत सगळीकडे निळं-तांबडं असतं. ऑफिसातले हसतात. “मॅडम चित्रं काढायलेत,” म्हणतात.

आता तो शब्द. खरं म्हणजे दोन शब्द आहेत. देवनागरीत लिहिले तर दोन्ही एकच दिसतात: ज्यांगज्यौ. चिनीत लिहिले तर अजिबात सारखे नाहीत. एक असा, 讲究. दुसरा असा, 将就. बोलताना फरक फक्त पहिल्या अक्षराच्या सुराचा. दुसऱ्या शब्दात ‘ज्यांग’ वर धरायचा, सरळ, हलू द्यायचा नाही. पहिल्यात तो खाली बुडवून परत वर आणायचा, शंका आल्यावर आपण “व्हऽय?” म्हणतो तसा. हैदराबादच्या आमच्या बाई हे शिकवताना हात हवेत खाली-वर न्यायच्या. सूर दाखवायला अक्षरावर खूण करायची असते, सरळ रेघ किंवा वाटीसारखी खोलगट. ती खूण सोडायची नाही, असं त्या शंभरदा बजावायच्या. आणि मी, अप्पा, कामाच्या घाईत ती सोडायला लागले होते. आपल्या अक्षरांत सगळे आवाज मावतात, अशी एक घमेंड माझ्या मनात होती. सूर मावत नाही, हे मला ठाऊक असून मी विसरले.

अर्थ सांगते. सुराची रेघ सरळ असलेला 将就 म्हणजे भागवून घेणं. असेल त्यावर चालवणं. तो वाईट शब्द नाही. पाहुण्याला ताट वाढताना चिनी लोक हाच शब्द वापरून म्हणतात, आपण म्हणतो तसं, गोड मानून घ्या. खोल सुराचा 讲究 मात्र मला मराठीत आणताच येईना. मी कितीतरी दिवस त्याच्या मागे होते. एखाद्या गोष्टीत काय आहे ते तळापर्यंत बघून, मनावर घेऊन ती नीट करणं, असा काहीसा. चहा ओतण्यात ज्यांगज्यौ आहे असं म्हटलं, तर त्या ओतण्याला काही रीत आहे, कारण आहे, ते उगाच नाही, असा अर्थ होतो. माणसाचे कपडे ज्यांगज्यौ म्हटलं तर नेटके, पारख असलेले. आणि टोमणा म्हणूनही चालतो, पंक्तीत बसल्यावर प्रत्येक पदार्थाला नाव ठेवणाऱ्याला. काटेकोर म्हणावं तर त्यात फूटपट्टी येते. चोखंदळ माणूस निवडतो, पण स्वतः करतोच असं नाही. आईचा ‘निगुतीनं’ त्यातल्या त्यात जवळ जातो. ह्या चिनी शब्दाच्या पहिल्या अक्षरात डावीकडे बोलण्याची खूण आहे आणि उजवीकडे विहिरीचं अक्षर. मला वाटलं होतं, बोलणं विहिरीसारखं खोल हवं, म्हणून तसं असेल. बाईंनी तेही खोडलं. विहीर तिथे फक्त आवाजासाठी आहे, अर्थाशी तिचा संबंध नाही, उगाच गोष्ट रचू नकोस, म्हणाल्या. तुमची त्यांची ओळख व्हायला हवी होती.

तो दिवस असा. मशीनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या फिल्टरमध्ये पाणी आणि तेल साचलेलं मामांना दिसलं. मामा म्हणजे मशीन चालवणारे, औराद तालुक्यातल्या चिंताकीचे, पन्नाशी ओलांडलेले. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलतात, आणि मशीनशी बोलताना शुद्ध तेलुगू. त्यांनी मशीन बंद केलं आणि मला बोलावलं. “अक्का, तुमच्या चिन्याला इचारा. नवा फिल्टर हैदराबादहून यायला दोन दिस लागतेत. तवर बंद ठिवू का ह्याच्यावर चालवू?” मी तिथेच उभी राहून फोन लावला. बाकीची मिल धडधडत होती. इंजिनियर बोलला, मी वहीत लिहिलं, निळ्यानं: फिल्टर, ज्यांगज्यौ, थोडं. वर खूण नाही. आणि त्याच्या शेजारी लगेच, त्याच निळ्यानं: सध्या भागवा. मामांना म्हटलं, “ते म्हणतात, फिल्टरवर थोडं भागवा.” मामांनी भुवया वर केल्या. “भागवा म्हणला? त्यो? परवा कॅमेऱ्याच्या काचंवर बोट लागलं तर मला घंटाभर बोलला होता त्यो.” मी म्हटलं, “हो मामा, भागवा.” ते म्हणाले, “तुमी म्हणायलाव म्हणजे बराबर असंल,” आणि मशीन चालू केलं. त्यांनी मला विचारलं होतं, अप्पा. आणखी एकदा विचारायची जागा त्यांनीच मला दाखवली होती. इंजिनियरला त्याचं वाक्य परत म्हणून दाखवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

ओलसर तेलकट हवा आत जाऊन फटका मारणाऱ्या नळ्यांच्या झडपा चिकटल्या. दोन दिवसांची डाळ काळ्या दाण्यांसकट, खड्यांसकट पुढे गेली आणि काही दिवसांनी सगळा माल परत आला. मी फोनवरची बोलणी साठवून ठेवते. माल आल्यावर दुसऱ्या सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत कानाला लावून ते वाक्य ऐकलं. एकदा, मग पुन्हा, मग किती वेळा ते आठवत नाही. ‘ज्यांग’ खाली जात होता आणि वर येत होता. त्याच्या आधी ‘पाहिजे’ असा अर्थ असलेला एक छोटा शब्द होता, तो मला मिलच्या आवाजात ऐकूच आला नव्हता. फिल्टरच्या बाबतीत नीट लक्ष द्यायला पाहिजे, असं तो म्हणाला होता.

दुपारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. त्यांनी मला विचारलं, “त्यो चिनी नेमकं काय म्हणला होता, ते सांग.” आणि मी सांगितलं, “फिल्टरच्या बाबतीत काटेकोर राहायला पाहिजे, असं म्हणाले होते.” शब्द न शब्द खरा. इतका अचूक अनुवाद मी आजवर केला नसेल. मला काय म्हणायचं ते तुम्हाला कळलं असेल. अण्णांनी मी मामांना काय सांगितलं ते विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. अण्णा मामांकडे वळले. मामा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, काही हरवल्यासारखे. म्हणाले, “मला तर भागवा म्हणून ऐकू आलं, अण्णा.” अण्णा म्हणाले, “कान तपासून घे बाबा एकदा.” लोक हसले. मामांना मशीनवरून काढून गच्चीवर तूर वाळवायच्या कामाला लावलं. ऑफिसात परत येऊन मी वहीतलं ते पान फाडलं.

मी खोटं बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. तुम्हालाही तेच लिहिलं, वर मामांच्या कानावर ढकलून.

आज जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेले. मामा उन्हात तूर उलटवत होते. मला बघून मोठ्यानं म्हणाले, “या अक्का, या. वर याला बी वेळ मिळाला का? हितं फिल्टर-बिल्टर काई न्हाई, नुस्तं ऊन हाय. उन्हाला चिनीत काय म्हणतेत?” मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. दोन्हीदा सूर बरोबर लागला, खाली जाणारा तिथे खाली. मग फावडं टेकवून म्हणाले, “दवाखान्यात जाऊन आलो मी. कानात नळ्या घातल्या, घंट्या वाजवल्या. डाक्टर म्हणला, कान बरे हाईत.” मला बरं वाटलं. तसं तोंडावर दिसलं असावं, कारण ते म्हणाले, “बरं कशाचं अक्का? कान बरे हाईत म्हणजे डोक्यात बिघाड झाला की. तुमी एक बोललाव आन माज्या डोक्यानं दुसरंच ऐकलं. मशीन माज्या हातात न्हाई तेच बरं. कुणाचं बोट गेलं असतं म्हणजे?” मग लगेच हसायला लागले. “घरी तर मज्जाच चाललीय. बायको भाकर बी वरडून वाढायलीय. नातू कानात येऊन म्हणतोय, आज्जा, मी आलोऽऽ! परवा येळवशीला सगळं गणगोत शेतात येणार. तितं तर माजी जत्राच भरणार बघा.”

मी तिथून खाली कशी आले ते मला नीट आठवत नाही. तुमच्या टेबलावरच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहायचात. वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणाले. त्याखालीच अंगठा. मी ती ओळ नेहमी सरकारी समजत होते, अर्जाला लागते म्हणून लिहिलेली. आज पहिल्यांदा वाटलं की ती त्या माणसासाठी होती. आपण काय बोललो, हे त्याचं त्याला परत देण्यासाठी. मी मामांचं ऐकलेलं त्यांच्याकडून काढून घेतलं. ते परत द्यायचं आहे.

परवा शुक्रवारी येळवशीची अमावास्या. मिल बंद असेल. निम्मी माणसं भज्जी आणि आंबील घेऊन शेतात पूजेला गेलेली असतील. अण्णा अमावास्येआधी नवं काही सुरू करत नाहीत, म्हणून मशीनवरचा नवा माणूस शनिवारी सकाळी रुजू होणार आहे. मी मघाशी ह्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, शनिवारी सकाळी अण्णांना सांगायचं, नवा माणूस यायच्या आत. लिहून बरं वाटलं. मग ते वाचलं. शनिवारपर्यंत मामांची येळवस होऊन गेलेली असेल. शेतात सगळं गणगोत त्यांच्या कानाशी ओरडून झालेलं असेल. आणि ते हसून साजरं करतील, आणि मनात डोक्याच्या बिघाडाचं धरून बसतील. शनिवार ठरवणं म्हणजे पुन्हा तोच शब्द, सरळ सुराचा, भागवून घेण्याचा. मी शनिवार खोडला आहे.

मामा उद्या दुपारच्या बसनं चिंताकीला जाणार आहेत. त्याआधी गच्चीवर जाऊन त्यांच्या कानाला फोन लावणार आहे. ते वाक्य ऐकवणार, मग ‘ज्यांग’ दोन्ही सुरांत म्हणून दाखवणार. फरक त्यांना लगेच कळेल, माझ्यापेक्षा लवकर. त्यांना सांगणार की तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं, मीच भागवा म्हटलं. मग त्यांना घेऊन अण्णांकडे. तिथे तोंड उघडलं नाही तर वाचता यावं म्हणून सहा ओळी लिहून घेतल्या आहेत, सगळ्या निळ्या. नोकरी राहील का, हे मला माहीत नाही. त्याबद्दल जे वाटतं ते तांबड्यात लिहायला घेतलं होतं, पण पेन्सिल बोथट आहे म्हणून राहू दिलं.

एक राहिलं. ते फाडलेलं पान मी टाकलं नव्हतं. चिनी शब्दकोशात घडी करून ठेवलं होतं, त्याच शब्दाच्या पानाशी. कुणाला सापडू नये असं वाटत होतं आणि टाकवतही नव्हतं. उद्या ते अण्णांसमोर ठेवणार आहे. तुम्हाला हे सगळं वाचून दाखवता येत नाही, म्हणून आता एकदा मोठ्यानं स्वतःलाच वाचून दाखवते. ‘भागवा’ ह्या शब्दाशी मी अडखळेन, लहानपणी अडखळायचे तशी.

उद्या, गुरुवारी.